प्रतीक आणि प्राणी

एखाद्या प्राण्याविषयीं माणसें कसें लिहितात यावर त्या प्राण्याचें जगणें-मरणें अवलंबून असतें, असें विधान केल्यास वाचकांस तें वाङ्मयभक्तांच्या नेहमींच्या अतिशयोक्तींपैकीं एक वाटेल. रानांतील जनावरास कवितेशीं काय कर्तव्य? त्यास फळ हवें, झाड हवें आणि कुऱ्हाडीपासून अभय हवें. परंतु पश्चिम घाटाच्या दक्षिण भागांतील सदाहरित अरण्यांत राहणाऱ्या एका वानराच्या बाबतींत हें विधान बरेंच खरें ठरलें आहे. सिंहपुच्छ वानर या नांवानें तो ओळखला जातो. गेल्या सुमारें पन्नास वर्षांत त्याच्या निमित्तानें कविता लिहिल्या गेल्या, पत्रकें निघालीं, शास्त्रीय प्रबंध झाले, सरकारी समित्यांचे अहवाल आले आणि वर्तमानपत्रांतून कडाक्याचे वाद झाले. त्या लेखनानें एक अरण्य वाचलें ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र ज्याच्या नांवावर हें सारें झालें तो वानर त्या लेखनांत कितपत आहे, आणि त्याच्या आजच्या संकटांत अशा लेखनाचा त्यास कितपत उपयोग होतो, हा प्रश्न वेगळा आहे. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. कारण महाराष्ट्रांतील बहुतेक वाचकांनीं तो प्राणिसंग्रहालयाबाहेर पाहिलेला नसणार. सर्वांग काळें कुळकुळीत, मुखाभोंवतीं करड्या-रुपेरी केसांची दाट आयाळ, आणि शेंपटीच्या टोंकास सिंहाच्या शेंपटीसारखा झुबका. नांव आयाळीवरून पडलें असावें असें पाहणारास वाटतें. वस्तुतः तें शेंपटीवरून पडलें आहे. कर्नाटक, केरळ व तामिळनाडु या तीन राज्यांतील घाटाच्या दाट जंगलांखेरीज पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेंहि तो रानटी स्थितींत आढळत नाहीं. बहुधा दहा-वीस जणांचा कळप, त्यांत एखाद-दुसरा जाणता नर व अनेक माद्या. आणि कळपाचा सारा दिवस झाडांच्या शेंड्याशेंड्यांवरून फळें, बिया व किडे शोधीत हिंडण्यांत जातो. जमिनीवर तो सहसा उतरत नाहीं. ज्या अरण्यांत बाराहि महिने कोठल्या ना कोठल्या झाडावर खाण्याजोगें कांहीं तरी असतें, अशाच अरण्यांत त्याचा निर्वाह होतो. कांटेरी फळांचा ‘क्युलेनिया’ नांवाचा एक उंच वृक्ष या घाटांत आहे. तो कित्येक ठिकाणीं या वानराचा मोठा आधार असतो. मादीस पहिलें पिलूं होईपर्यंत ती सहा वर्षांची होऊन गेलेली असते, व त्यापुढें दोन पिलांत अडीच-तीन वर्षांचें अंतर पडतें. अर्थात् एकदां घटलेली संख्या लवकर भरून येत नाहीं. आज रानांत सारे मिळून ४,००० च्या आसपास वानर असावेत, व त्यांतील प्रौढ २,५०० हून कमी असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. चहा, कॉफी व वेलदोडे यांचे मळे, सागाची लागवड, धरणांचे जलाशय आणि रस्ते यांनीं त्याच्या अरण्याचे तुकडे तुकडे झाले असून ही संख्या त्या तुकड्यांत विखुरलेली आहे. जो प्राणी जमिनीवर पाय ठेवण्यास नाखूष, त्याला वीस हात रुंदीचा उघडा रस्ताहि समुद्रासारखा असतो. एका तुकड्यांतील नर दुसऱ्या तुकड्यांत जाऊं शकत नाहीं, आणि लहानशा कोंडलेल्या समूहांत वंश क्षीण होत जातो.

आतां नांवाकडे वळूं. कारण टीकाकाराचें काम शब्दापासून सुरू होतें, आणि या वानराच्या शब्दांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं त्यास ‘सिलेनस’ हें विशेषनाम दिलें. सिलेनस हा ग्रीक पुराणांतील मद्यदेवतेचा दाढीवाला, झिंगलेला सोबती. युरोपांतील पुढच्या ग्रंथकारांनीं त्यास ‘वांडरू’ म्हणावयास आरंभ केला. हा शब्द सिंहली भाषेंतला, आपल्या ‘वानर’ शब्दाचा भाऊबंद. पण सिंहलद्वीपांत तो तेथल्या लंगूर जातीच्या वानरास लावीत, आणि हा सिंहपुच्छ तर सिंहलद्वीपांत मुळींच नाहीं. म्हणजे एकानें त्यास परक्या देवतेच्या मेळ्यांत बसविलें, दुसऱ्यानें परक्या बेटावर नेऊन सोडलें. आपला ‘सिंहपुच्छ’ हा शब्द तरी कोठें आपला आहे? तो इंग्रजी नांवाचा शब्दशः तर्जुमा आहे. कर्नाटकांतील लोक मात्र त्यास ‘सिंगळीक’ म्हणतात. तो शब्द त्याच्या शेजारीं राहणारांच्या तोंडचा आहे.

मराठींत आणखी एक अडचण आहे. आपण लाल तोंडाच्या आंखूड जातीस माकड म्हणतों व काळ्या तोंडाच्या लांब शेंपटीच्या जातीस वानर म्हणतों. सिंहपुच्छ हा रंगानें वानर आणि कुळानें माकड आहे. आपल्या दोन्हीं शब्दांच्या मध्यें जी जागा मोकळी राहते तेथें तो येतो. हा केवळ कोशकारांचा प्रश्न असता तर आम्हीं त्याचा येथें उल्लेख केला नसता. परंतु दक्षिणेंत निलगिरी लंगूर म्हणून दुसरी एक काळी जात आहे. तिच्या मांसापासून केलेल्या रसायनानें शक्ति येते व दमा बरा होतो अशा समजुतीनें तिची फार दिवस शिकार होत आली. पानांच्या आड काळें कांहीं हललें कीं बार काढणाऱ्या शिकाऱ्यास सिंहपुच्छ कोणता व लंगूर कोणता याची पर्वा नसते. आणि त्या घोटाळ्यांतहि कित्येक सिंहपुच्छ मारले गेले आहेत. वस्तु नीट न ओळखतां तिला भलतें नांव देणें हा साहित्यांत दोष गणला जातो. रानांत त्याचें प्रायश्चित्त दुसऱ्यासच भोगावें लागतें.

आमच्या वाङ्मयांत वानरांची वाण नाहीं. रामायणानें त्यांना सैन्यच दिलें, आणि त्यांतील एकास तर गांवोगांवच्या वेशीवर शेंदूर फांसून देवत्व दिलें. उलटपक्षीं, मर्कटचेष्टा, माकडाच्या हातचें कोलीत, आणि आधींच मर्कट त्यांत मद्य प्यालें, या आमच्या नित्याच्या बोलण्यांतील गोष्टी आहेत. हौदांत पाणी चढूं लागल्यावर स्वतःच्या पिलाच्या डोक्यावर उभी राहणारी माकडीण घरोघर मुलांस सांगितली जाते. इंग्रजींत किप्लिंगनें १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मध्यें ‘बंदरलोग’ रंगविले, तेहि कायदा नसलेल्या, बडबड्या व विसरभोळ्या समाजाचें विडंबन म्हणूनच. तात्पर्य, वानर एक तर देव असतो किंवा माणसाची टवाळी असतो. देव असतां त्याच्या पायां पडावें, टवाळी असतां हंसावें. पण तो वानर असतां त्याचें काय करावें, हें मात्र या परंपरेंत सहसा सांगितलेलें नाहीं. शिवाय या साऱ्या कथा ज्या वानरांवरून सुचल्या ते देवळाच्या पायऱ्यांवर, वडावर, घराच्या कौलांवर भेटणारे वानर होत. सिंहपुच्छ यात्रेकरूच्या वाटेवर कधीं आलाच नाहीं. त्यामुळें त्याच्या वाट्यास देवत्वहि आलें नाहीं व म्हणीहि आल्या नाहींत.

अशा या अज्ञात प्राण्याचें नांव १९७० नंतरच्या दशकांत एकाएकीं देशभर झालें. केरळांतील पालघाट जिल्ह्यांत कुंती नांवाच्या नदीच्या कांठीं एक अतिप्राचीन सदाहरित अरण्य आहे. तेंच सायलेंट व्हॅली. या नदीवर धरण बांधून १२० मेगावॅट वीज काढण्याचा बेत १९७३ सालीं मंजूर झाला. त्यांत सुमारें ८३० हेक्टर जमीन पाण्याखालीं जावयाची होती. स्टीव्हन ग्रीन व कॅरन मिन्कोव्स्की या दोघा संशोधकांनीं याच सुमारास घाटाच्या अगदीं दक्षिण टोंकास सिंहपुच्छ वानराचा प्रदीर्घ अभ्यास केला व १९७७ सालीं तो प्रसिद्ध करितांना त्याच्या उरल्यासुरल्या वसतिस्थानांवरील संकट जगापुढें मांडलें. केंद्र सरकारच्या पर्यावरण समितीनें झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालीं एक कृतिदल नेमलें होतें. त्या कृतिदलानें १९७६ सालीं सांगितलें कीं, हा प्रकल्प सोडून द्यावा. परंतु तें शक्यच नसेल तर अमुक १७ अटी पाळाव्या. हा अहवाल आम्हांस लेखनशास्त्राच्या दृष्टीनें मननीय वाटतो. ‘परंतु’च्या मागें जें होतें तें अहवालाचें मत होतें, पण सरकारनें ‘परंतु’च्या पुढचा भाग तेवढा उचलला व अटी पाळूं असें सांगून काम पुढें रेटलें. एका उभयान्वयी अव्ययानें सारें अरण्य बुडावयाचें, असा तो प्रसंग होता.

येथून जो वाद माजला त्यांत प्रकल्पाच्या बाजूनें एक वाक्य वारंवार येत असे. माणूस हवा कीं माकड हवें, हें तें वाक्य. या वाक्याचें बळ कशांत होतें हें पाहिलें पाहिजे. मलबारच्या त्या भागांत वीज कमी होती, उद्योग नव्हते, बेकारी होती. म्हणून तेथल्या माणसाचा प्रश्न खोटा नव्हता. शिवाय ‘माकड’ हा शब्द उच्चारतांच ऐकणाराच्या मनांत कोलीत, चेष्टा व बडबड हीं सारीं एकदम उभीं राहत, आणि युक्तिवाद न करतांच निम्मा वाद जिंकला जाई. परंपरेनें वानराची जी टवाळी शतकानुशतकें केली होती ती अशा रीतीनें धरणाच्या बाजूनें साक्ष देऊं लागली. म्हणींमुळें अरण्यें बुडतात असें आमचें म्हणणें नाहीं. पण भाषेंत अगोदरच तयार असलेली तुच्छता राजकारणास किती स्वस्तांत मिळते याचें हें उदाहरण आहे.

या वाक्यास दोन तऱ्हेचीं उत्तरें मिळालीं. पहिलें गद्यांतलें आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषद या संस्थेनें १९७९ सालीं या प्रकल्पाचें एक परीक्षण प्रसिद्ध केलें. तें वनस्पतिशास्त्रज्ञ, अभियंता व अर्थशास्त्रज्ञ यांनीं मिळून लिहिलें होतें, आणि त्याचा मोठा गुण आमच्या मतें हा कीं, त्यानें माणूस कीं माकड हा प्रश्नच मान्य केला नाहीं. त्यानें विचारलें, या विजेची गरज नक्की किती, ती मलबारास मिळणार कीं अन्यत्र जाणार, आणि ती दुसऱ्या मार्गानें मिळूं शकेल कीं नाहीं? म्हणजे प्रतिपक्षाच्या माणसाकडे त्यानें पाठ फिरविली नाहीं. त्याच्याच हिताचा हिशेब प्रतिपक्षाहून अधिक काळजीनें मांडला. हें गद्य रूक्ष आहे व त्यांत अलंकार नाहींत. परंतु वादविवादाचें गद्य कसें असावें याचा तो एक चांगला नमुना होय.

दुसरें उत्तर काव्यांतून आलें. सुगतकुमारी, एन्. व्ही. कृष्ण वारियर, ओ. एन्. व्ही. कुरुप, अय्यप्प पणिक्कर इत्यादि मल्याळी कवि या चळवळींत उतरले. कवींनीं संघटित होऊन सरकारी प्रकल्पास विरोध करावा व लोकांनीं त्यांचें ऐकावें, ही आपल्या देशांतील वाङ्मयाच्या अर्वाचीन इतिहासांतली विरळा घटना होय. त्यांतहि सुगतकुमारी यांची ‘मरत्तिनु स्तुति’, म्हणजे वृक्षाची स्तुति, ही कविता चळवळीचें जणूं मंगलाचरणच होऊन बसली व सभांच्या आरंभीं म्हटली जाऊं लागली. तिच्यांत वृक्षास विष पचविणाऱ्या नीलकंठाच्या पदवीस चढविलें आहे. झाड दूषित हवा आपण पितें व जगास प्राणवायु देतें, ही शाळेंतील पुस्तकांतली गोष्ट. परंतु तिला पुराणांतील हालाहलाची जोड मिळतांच शास्त्र व भक्ति यांचें असें लग्न लागलें कीं, शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत कोणासहि तें परकें वाटूं नये. वृक्षांस सोयरे मानण्याची भाषा आमच्या संतांमुळें मराठी वाचकांसहि परिचयाची आहे. तेव्हां या कवितेची थोरवी समजण्यास आपणांस मल्याळी असण्याची गरज नाहीं.

लढा यशस्वी झाला. सालीम अली यांच्यासारख्या मुंबईच्या पक्षिशास्त्रज्ञानें आपलें वजन खर्च केलें, इंदिरा गांधींनीं लक्ष घातलें, एम्. जी. के. मेनन यांची समिती बसली, आणि १९८३ सालीं प्रकल्प सोडून देण्यांत आला. १९८४ सालीं सुमारें ९० चौरस किलोमीटरचें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें व १९८५ सालीं त्याचें उद्घाटन झालें. या यशाबद्दल कोणासहि आदरच वाटेल, आणि पुढें आम्हीं जें म्हणणार आहों तें या आदरास बाध आणण्याकरितां नव्हे.

आमचें म्हणणें असें कीं, या लढ्याचें जें काव्य सर्वतोमुखीं झालें तें वृक्षाचें झालें, वानराचें झालें नाहीं; आणि हें आकस्मिक नव्हे. वृक्ष स्तुतीस योग्य असतो. तो उभा असतो, देतो, मागत नाहीं, बोलत नाहीं. त्याच्यावर शंकराचें रूप सहज चढतें. वानर हा घेणारा प्राणी. तो ओरबाडतो, भांडतो, गालांत कोंबतो. त्याची स्तुति करावयाची तर त्यास मारुती केला पाहिजे, म्हणजे वानरपण सोडविलें पाहिजे. म्हणून चळवळीनें वानरास चिन्ह केलें व वृक्षास देव केलें. लोकांच्या मनांत वानर उरला तो भित्तिपत्रकावरचा, आयाळीचा, गंभीर मुद्रेचा. ‘सायलेंट व्हॅली’ या नांवाचीच गोष्ट पाहा. तेथें रातकिड्यांची किरकिर नाहीं म्हणून तें नांव पडलें, असें कांहीं सांगतात. स्थानिक ‘सैरंध्रीवन’ या नांवाचा तो इंग्रजी अपभ्रंश, असें दुसरे म्हणतात. आणि वानराच्या ‘सिलेनस’ या शास्त्रीय नांवावरून तें आलें, असाहि एक तर्क आहे. पण पांडवांच्या वनवासाशीं व द्रौपदीच्या अज्ञातवासांतल्या नांवाशीं नातें जोडणारी दुसरी उपपत्ति ज्या आवडीनें सांगितली जाते, ती आवड वानराच्या वाट्यास येत नाहीं. नदी कुंती, वन सैरंध्रीचें, वृक्ष नीलकंठ. या पुराणमंडपांत बिचाऱ्या सिंगळीकास बसावयास पाट नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, पाट नसला म्हणून काय बिघडलें? अरण्य राहिलें, त्यांत वानर राहिला. सायलेंट व्हॅलीपुरतें हें उत्तर पुरेसें आहे. परंतु सारे सिंहपुच्छ वानर सायलेंट व्हॅलींत राहत नाहींत. अण्णामलै डोंगरांतील वालपारै येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहाचे मळे झाले व मूळ अरण्याचीं लहान लहान बेटें मळ्यांच्या समुद्रांत शिल्लक राहिलीं. पुदुतोट्टम नांवाचें असेंच एक बेट क्षेत्रफळानें एक चौरस किलोमीटरहूनहि लहान आहे, आणि त्यांत शंभराहून अधिक सिंहपुच्छ वानर राहतात. येवढ्या तुकड्यांत इतक्यांचें पोट भरणें शक्य नाहीं. तेव्हां शेंड्यावरून न उतरणारा हा प्राणी जमिनीवर उतरला. तो कॉफीचीं फळें खातो, कचऱ्याच्या ढिगांत हात घालतो, कामगारांच्या घरांत शिरून भात पळवितो, आणि रस्त्यावर मोटारीखालीं सांपडून मरतो. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेनें वनखात्याच्या साह्यानें रस्त्याच्या दोहों बाजूंच्या झाडांमधून झुलते पूल बांधले आहेत व गाड्या हळू हांकावयास लावणारे राखणदार नेमले आहेत. हे वानर आतां पुलांवरून जावयास शिकले आहेत.

आतां भित्तिपत्रकावरचा वानर व स्वयंपाकघरांत शिरलेला वानर यांची गांठ घालून पाहावी. पहिल्यावर प्रेम करणें सोपें आहे; तो दूर आहे, गूढ आहे, आणि त्याच्यासाठीं शहरांतील माणसास सहीपलीकडे कांहींच द्यावें लागत नाहीं. दुसऱ्यासाठीं मळ्यांतील मजूर स्त्रीस आपल्या पोरांच्या ताटांतला भात द्यावा लागतो. प्रतीकाची पूजा करणारें वाङ्मय या स्त्रीस काय सांगणार? ती म्हणेल, हा कांहीं तुमच्या चित्रांतला सिंहपुच्छ नव्हे, हें माकड आहे. आणि आपल्या भाषेंत त्या शब्दास जी तुच्छता चिकटलेली आहे ती तत्काळ जागी होईल. ज्या दिवशीं हा वानर अरण्याचें चिन्ह राहत नाहीं त्या दिवशीं त्याचें संरक्षणहि सुटतें, हा प्रतीकाचा मोठा दोष आहे. प्रतीकास निष्कलंक राहावें लागतें. प्राण्यास भूक लागते.

याहून जवळचें उदाहरण घेऊं. सिंहपुच्छाच्या वस्तीची उत्तर सीमा कारवार जिल्ह्यांत शिरसी व होन्नावर यांच्या मधल्या घाटांत आहे. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यांतच होता. तेथें अघनाशिनी व शरावती यांच्या खोऱ्यांत या वानराचे बरेच कळप आहेत. तेथील रानांत ‘उप्पागे’ नांवाचें झाड होतें. तें आपल्या कोकमाचें सख्खें भावंड. त्याचीं फळें वानर खातो, आणि गांवकरीहि पिढ्यान्पिढ्या तीं आंबटाकरितां वाळवून ठेवीत आले. परंतु या फळाच्या अर्कानें लठ्ठपणा कमी होतो अशी समजूत परदेशांत पसरल्यावर त्यास भाव चढला, आणि दुसऱ्याच्या आधीं आपण तोडावें म्हणून कच्चीं फळें व फांद्याहि तोडल्या जाऊं लागल्या. दूरदेशींच्या धनिकाच्या पोटाचा घेर कमी व्हावा म्हणून होन्नावरच्या रानांतील वानराचें पोट रिकामें राहावें, या घटनेंत उपहासकाव्याचें केवढें तरी द्रव्य आहे! परंतु तें लिहिण्यास उप्पागेचें झाड ठाऊक असलें पाहिजे, तें तोडणाऱ्या गांवकऱ्याची गरज ठाऊक असली पाहिजे, आणि वानर कोणत्या महिन्यांत काय खातो हेंहि ठाऊक असलें पाहिजे. केवळ करुणेच्या बळावर तें साधणार नाहीं.

कर्नाटक सरकारनें २०११ सालीं अघनाशिनी खोऱ्यांत या वानराकरितां संरक्षित क्षेत्र जाहीर केलें व २०१९ सालीं शरावती खोऱ्यांतलें सुमारें ९३० चौरस किलोमीटरचें अभयारण्य त्याच्याच नांवानें केलें. परंतु आपण ज्यास गिरसप्प्याचा धबधबा म्हणून ओळखतों त्याच नदीवर, याच अभयारण्याच्या हद्दींत, २,००० मेगावॅटचा एक वीजप्रकल्प योजिला आहे. वीज जास्त असेल तेव्हां खालच्या गेरसप्पा जलाशयाचें पाणी वर तळकळले जलाशयांत चढवावयाचें, व वीज कमी पडेल तेव्हां तेंच पाणी खालीं सोडून वीज काढावयाची, अशी ती युक्ति आहे. पुरस्कर्ते सांगतात कीं, सूर्य व वारा यांपासून मिळणारी निर्मळ वीज साठविण्यास असे प्रकल्प लागतातच. कोळशाचा धूर टाळावयाचा तर दुसरा मार्ग थोडा आहे. विरोधक म्हणतात कीं, जलाशय जुने असले तरी बोगदे, रस्ते व विजेच्या तारा यांसाठीं पुन्हा सलग अरण्य तोडावें लागेल. म्हणजे १९७६ चा प्रश्न परत आला आहे, पण वेष पालटून. तेव्हां एका बाजूस निसर्ग व दुसऱ्या बाजूस उद्योग असें सोपें चित्र होतें. आतां निसर्गाच्या नांवानेंच दोन्हीं पक्ष बोलत आहेत. अशा वेळीं स्तुतिकाव्य अपुरें पडतें. येथें १९७९ च्या त्या रूक्ष परीक्षणासारखें, प्रतिपक्षाच्या गरजेचाहि हिशेब करणारें लेखन हवें, आणि त्याच्या जोडीस वानराकडे वानर म्हणून पाहणारें ललित लेखन हवें.

असें ललित लेखन शक्य तरी आहे काय? मराठींत तें झालेलें आहे, हें सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही लघुकादंबरी लंगूर वानरांच्या कळपाची कथा आहे, आणि तिला १९८३ सालीं, म्हणजे सायलेंट व्हॅलीचा प्रकल्प रद्द झाला त्याच सालीं, साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. नांवावरून व काळावरून तींत राजकारणाचें रूपक शोधणारे वाचक पुष्कळ निघाले. त्यांस तसा हक्कहि आहे. परंतु त्या पुस्तकाचें सामर्थ्य रूपकांत नाहीं. हद्दीसाठीं व कळपाच्या स्वामित्वासाठीं चालणारा झगडा तेथें वानरांच्या गरजांतून उभा राहतो. लेखक त्यांस देव करीत नाहीं, त्यांची टवाळी करीत नाहीं, आणि त्यांच्या क्रौर्याबद्दल त्यांच्या वतीनें माफीहि मागत नाहीं. रूपक काढून घेतलें तरी पुस्तक उरतें. आमच्या मतें प्राण्याविषयींच्या लेखनाची हीच कसोटी धरावी. अर्थ काढून घेतल्यावर जर प्राणीहि नाहींसा होत असेल, तर तो तेथें कधीं नव्हताच असें समजावें.

यावर एक आक्षेप संभवतो. ललित लेखकानें प्राणिशास्त्राचा शिक्षक व्हावें काय? रस सोडून माहिती भरावी काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. महाकवींच्या उपमा ज्यांनीं बारकाईनें वाचल्या आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांच्या पाठीमागें पाहिलेला हत्ती, पाहिलेला मेघ, पाहिलेलें कमळ असतें; अचूकपणा हा रसाचा वैरी नसून रसाचें मूळ भांडवल आहे. तें भांडवल संपल्यावर मागची पिढी जें लिहून गेली त्याच्या व्याजावर काव्य जगूं लागतें, आणि मग प्रत्येक वानर एक तर मारुती होतो किंवा मर्कट होतो. सुगतकुमारी २०२० सालीं निवर्तल्या. त्यांच्या स्तुतीनें जें साधावयाचें तें साधलें, व कोणत्याहि कवितेच्या वाट्यास येणारें त्याहून मोठें यश आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु तेंच स्तोत्र पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्यानें वालपारैच्या रस्त्यावरचा किंवा होन्नावरच्या उप्पागेवरचा वानर वाचणार नाहीं.

सारांश, या वानरास आज दोन गोष्टींची गरज आहे. सलग अरण्य ही पहिली; ती सरकारनें, मळेवाल्यांनीं व गांवकऱ्यांनीं मिळून द्यावयाची आहे. दुसरी गोष्ट लेखकांच्या हातची आहे. तो चोर असतांहि, विद्रूप दिसला तरीहि, कोणाचेंहि चिन्ह नसतांहि, त्याच्या जगण्यास अर्थ आहे असें वाटावयास लावणारें लेखन ती होय. मराठी लेखकांनीं त्याचा आरंभ अगदीं लहान गोष्टीपासून करावा. ‘सिंहपुच्छ’ हा भाषांतरित शब्द शास्त्रीय पुस्तकांस राहूं द्यावा, आणि बोलतां-लिहितांना शेजारच्या कानडी माणसाप्रमाणें या प्राण्यास ‘सिंगळीक’ म्हणावें. कानडीशीं आमची देवघेव जुनी आहे; एका शब्दानें ती आणखी थोडी वाढली तर मराठीची कांहींच हानि नाहीं. या नांवास अजून म्हण चिकटलेली नाहीं, शेंदूर लागलेला नाहीं. तें ऐकतांच कोणी हंसत नाहीं व कोणी हातहि जोडीत नाहीं. मुलानें तें ऐकून हा कोण, कोठें राहतो, काय खातो, असें विचारावें, व त्याचें खरें उत्तर देण्याइतकें त्याच्या घरच्या माणसांनीं वाचलेलें असावें, येवढीच आमची अपेक्षा आहे.